फोनवरची चेष्टा

चेष्टा आपल्याकडे रोजच चालते. हापशीवर, मैदानात कुणी कुणाला नाव ठेवतं, भांडण होतं, आणि संध्याकाळी पुन्हा लंगडीचा डाव रंगतो. फोनवरची चेष्टा मात्र अशी विरत नाही. हे मला माझ्याच चुकीने कळलं, म्हणून लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी मैत्रीण शाळेच्या वाटेवर घसरून चिखलात पडली. वर्गातल्या एका मुलाने भावाच्या फोनवर तिचा फोटो काढला. खाली 'चिखलातली म्हैस' असं लिहून तो आम्हा मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मीही हसरे चेहरे टाकले आणि फोटो मामेबहिणीला पाठवला. मैत्रीण चार दिवस शाळेत आली नाही. घरी तिने पोट दुखतंय असं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर ती एवढंच म्हणाली, "तू पण हसलीस ना गं?" मला मान वर करवेना.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या मुलाने फोटो काढून टाकायचा प्रयत्न केला. पण पाठवलेलं सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय दोन-अडीच दिवसच असते. आम्ही पाच दिवस गप्प बसलो होतो! मग बाईंनी आम्हा दोघांना घरोघर नेलं. माफी मागून प्रत्येक फोनवरचा फोटो पुसला. मामेबहिणीने मात्र तो आणखी पुढे पाठवला होता. तो आता कुठे कुठे आहे, कुणास ठाऊक.

बाईंनी तेव्हा सांगितलेल्या गोष्टी अशा :

१. कुणी फोनवर त्रास दिला तर उलट शिवी लिहू नये. भांडण वाढतं आणि आपलीही चूक होते.

२. आधी त्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्यावा, मग त्या माणसाला ब्लॉक करावं. पुरावा नसला तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.

३. अंगावर कपडे नसलेला किंवा तसा घाणेरडा फोटो असेल, तर त्याचा स्क्रीनशॉटही घेऊ नये, कुणाला पाठवूही नये. फोन तसाच आईवडिलांच्या हातात द्यावा. असे फोटो पसरवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

४. त्याच दिवशी घरी किंवा गुरुजी-बाईंना सांगावं. सांगायला कुणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत.

५. दुसऱ्याची चेष्टा आली तर पुढे पाठवू नये, हसूही नये. ज्याची चेष्टा झाली त्याला जाऊन भेटावं.

पाचवी गोष्ट मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मैत्रीण आता शाळेत येते, माझ्याशी बोलते. पण पाऊस असला की अजून लांबच्या वाटेने येते.

म्हणून सांगते, बोट लावण्याआधी जरा थांबा. फोटोतल्या मुलीच्या जागी आपण असतो तर?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी