गोठ्यातली राजदूत आणि माझा चुकलेला निकाल

(एका सेवानिवृत्त मिल फिटर सभासदाचा अनुभव)



गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीतून गेली, की कारखान्यावर ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर बाहेर निघतात, बेअरिंगे उघडली जातात, पंप खोलून मापे घेतली जातात. बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना बंद आहे. पण पुढच्या हंगामाचे निम्मे गाळप याच दिवसांत ठरते, हे आम्हा वर्कशॉपवाल्यांना ठाऊक असते. मी छत्तीस वर्षे मिल हाऊसमध्ये हेच काम केले आणि २०१६ साली निवृत्त झालो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी घरच्या एका यंत्राचे ओव्हरहॉलिंग केले. ते यंत्र म्हणजे चौतीस वर्षे गोठ्यात पडून असलेली एक मोटारसायकल. त्या कामात मला जे सापडले, ते सांगण्यासाठी हा लेख. गाडीचे सांगता सांगता घरचेही सांगावे लागणार आहे. त्याला इलाज नाही.

ही गाडी कोणती?

आपल्यातल्या जुन्या मंडळींना राजदूत म्हटले, की दूधवाल्याची राजदूत आठवेल. ती १७५ सीसीची, कॅन लावून चिखलातून जाणारी गाडी. ही ती नव्हे. ही राजदूत ३५०. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आरडी ३५० नावाची वेगवान गाडी काढली. तिचेच आपल्याकडचे रूप एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली बाजारात आणले. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी आणि सहा गिअर. त्या काळी बुलेट ३५० म्हणजे ताकदीची शर्थ समजली जायची. तिची ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. या गाडीची साडेतीस! पुढे पेट्रोल कमी लागावे म्हणून ती सत्तावीसवर आणली गेली. तरी गाडी लीटरला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे फारशी जात नसे. १९८५ साली चार-स्ट्रोकची हिरो होंडा सीडी १०० आली, लोकांना ॲव्हरेजची गोडी लागली, आणि हे दशक संपता संपता राजदूत ३५० बंद झाली.

या गाडीत आणखी एक सोय होती. साध्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. हिला ऑईलची टाकी वेगळी. ॲक्सिलेटर जसा पिळाल, इंजिन जसे फिरेल, त्या मानाने एक छोटा पंप दोन्ही सिलिंडरांना ऑईल पुरवतो. आपल्या मिलच्या बेअरिंगांना लुब्रिकेटर जसा स्वतंत्र नळ्यांनी तेल देतो, तसेच समजा. ही सोय वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढची सगळी हकिगत तिच्याभोवतीच आहे.

१९८९ चा तो दिवस

१९८५ साली उसाचे बिल आले त्यात थोडी भर घालून मी ही गाडी घेतली. वडील म्हणाले, "एवढ्या पैशात बैलजोडी आली असती." मी ऐकले नाही. गाडी माझी, पण तिचा खरा लळा धाकट्या भावाला. रोज पुसणार, चेनला तेल देणार, रविवारी प्लग काढून साफ करणार.

१९८९ च्या हंगामात एके दिवशी मी त्याला ऊसनोंदीचे कागद द्यायला गट ऑफिसला पाठवले. दोन तासांनी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गाडी आणि भाऊ दोघेही घरी आले. सरळ रस्त्याला वेगात असताना इंजिन सीझ झाले होते. मागचे चाक जाम झाले, गाडी घसरली, भावाचे मनगट मोडले.

मी शिफ्ट करून नुकताच आलो होतो. दारात दहा माणसे जमलेली. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "ऑईल न घालता गाडी पळवलीस! चार वर्षं सांभाळली, एका दिवसात घालवलीस!"

तो एवढेच म्हणाला, "आण्णा, टाकीत ऑईल हुतं."

मी टाकीचे झाकण उघडून पाहिले नाही. पाहायला एक मिनिट लागले असते. मी पाहिले नाही, कारण मला खात्री होती. गाडी गोठ्यात नेऊन लावली आणि त्यावर पोती टाकली. पुढच्या वर्षी भाऊ भोसरीला कंपनीत लागला. सणासुदीला यायचा, वहिनीशी, मुलांशी बोलायचा. माझ्याशी कामापुरते. गोठ्याकडे मात्र कधी गेला नाही. आणि मीही गाडीचे इंजिन कधी खोलले नाही.

गाडी बाहेर निघाली

२०२३ च्या मे महिन्यात भंगारवाला दारात आला. मी गाडी द्यायला निघालो होतो. सुट्टीला आलेला पुतण्या आडवा आला. तो डिप्लोमा झालेला. म्हणाला, "आण्णा, ही गाडी आज नीट असेल तर लाखाच्या पुढं जाते. पण विकायची नाहीच. आपण दोघं करूया."

पोती उचलली तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी पाचटाचे घर केलेले. सीट कुरतडलेली. टायरांना भेगा. मडगार्डचे क्रोम फुगून सोललेले. पेट्रोलची टाकी हलवली तर आत गंजाचा खुळखुळा. पुतण्या किक मारायला निघाला तेव्हा मी त्याचा पाय धरला. पडून राहिलेल्या यंत्राला कधीही जोर लावू नये. जाम झालेला पिस्टन जबरदस्तीने हलवला, की रिंगा मोडतात, सिलिंडर ओरबाडतो, आणि दोन दिवसांचे काम दोन महिन्यांवर जाते. आम्ही प्लग काढले, दोन्ही भोकांतून गंजतेल सोडले आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही.

इंजिनने दिलेली साक्ष

पहिली साक्ष प्लगांनी दिली. उजव्या प्लगचे तोंड वाळलेल्या पाचटासारखे तांबूस. म्हणजे तिथले जळण बरोबर होते. डाव्याचे तोंड राखेसारखे पांढरे. म्हणजे तिथे प्रमाणाबाहेर उष्णता झाली होती. इंजिन एक, ऑईलची टाकी एक, पंप एक. मग दोन प्लग दोन रंगांचे कसे?

मी ऑईलच्या टाकीचे झाकण उघडले. आत ऑईल होते. चौतीस वर्षांत काळे आणि गुळाच्या पाकासारखे घट्ट झालेले, पण निम्म्याच्या वर. त्या दिवसानंतर त्या टाकीला कोणी हात लावला नव्हता. मी तिथेच बसलो. पुतण्याने विचारले, "काय झालं आण्णा?" मी म्हणालो, "काही नाही. पंप खोल."

पंपाची केबल शाबूत होती. दोन्ही नळ्यांत जुने ऑईल भरलेले, कोरडी एकही नाही. हेड आणि सिलिंडर काढले. उजवा पिस्टन स्वच्छ. डाव्या पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेले. खालच्या कनेक्टिंग रॉडवर मात्र उष्णतेचा निळा डाग नाही, बेअरिंगवर ऑईलचा थर. तेलावाचून इंजिन सीझ झाले असते तर ही बेअरिंगे आधी बोलली असती.

मग राहिले काय? या गाडीला दोन कार्बोरेटर. प्रत्येक कार्बोरेटर रबराच्या एका जाड जोडणीने सिलिंडरला लागतो. उन्हाने आणि इंजिनच्या धगीने या रबराला भेगा पडतात. भेगेतून हवा आत गेली, की त्या सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. असे पातळ मिश्रण जास्त तापते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली भिंत बिडाची. तापल्यावर पिस्टन भिंतीपेक्षा जास्त फुगतो आणि जागीच आवळला जातो.

डावी जोडणी मी हातात घेतली. तिला भेग होती. त्या भेगेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, वरून बाइंडिंग वायरचे तीन वेढे, आणि टोकाला पिळून आत वळवलेली गाठ. पट्टी पेट्रोलने फुगून, कुजून सुटली होती. ती गाठ मी ओळखली. मिल हाऊसमध्ये तशी गाठ मारायचो तो मीच.

१९८९ च्या हंगामाच्या तोंडावर मला ती भेग दिसली होती. नवे रबर कोल्हापुराहून आणायला हवे होते. ड्यूटीची धांदल होती, म्हणून पट्टी मारली आणि विसरून गेलो. सायकलच्या ट्यूबचे रबर पेट्रोलला टिकत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते.

कारखान्यात मिल थांबली, की स्टॉपेजच्या नोंदवहीत कारण लिहावे लागते. आमचे चीफ इंजिनिअर एकच विचारायचे, "उघडून बघितलं, का अंदाजानं लिहिलं?" छत्तीस वर्षांत अंदाजाने कारण लिहिल्याचे मला आठवत नाही. घरच्या भावाबद्दल मात्र अंदाजानेच लिहिले, आणि चौतीस वर्षे खोडले नाही.

काम कसे केले

गाडीच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणाला उपयोग होईल. सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेले. मूळ बोअर ६४ मिलिमीटरचे. ओरखडे डाव्यालाच होते, तरी दोन्ही सिलिंडर ६४.५० ला बोअर करून घेतले. एक बैल उंच, एक बुटका, अशी जोडी चालत नाही. क्रँकशाफ्ट तुकडे दाबून जोडलेला असतो. तो घरी हातोड्याने उघडण्याची चीज नव्हे. प्रेसवर बेअरिंगे बदलली. दोन्ही बाजूंची ऑईल सीले पडून दगड झाली होती, तीही बदलली. तिथूनही हवा आत जाते.

पेट्रोलच्या टाकीत गंज काढणारे फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण घालून ती धुतली, नंतर सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी पेट्रोलने. (आपल्या कारखान्यात रस निवळायला फॉस्फोरिक ॲसिड वापरतात. मी ते बाजारातून विकत आणले, गैरसमज नसावा!) रबराच्या दोन्ही जोडण्या नव्या घातल्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट आणि कॉइल, म्हणून टायमिंग डायल गेज लावून दोनदा बसवले. पंपातली हवा काढली. तरी पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये लीटरला २५ मिलिलिटर ऑईल वेगळे मिसळले. पंप सुरळीत चालतो, याची खात्री होईपर्यंत एवढी सावधगिरी हवीच.

भावाला सांगितले ते

गाडी जोडण्याआधी मी भावाला फोन केला. म्हणालो, "टाकीत ऑईल होतं. तू खरं बोलत होतास. इंजिन माझ्या पट्टीमुळं सीझ झालं." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "मला माहीत हुतं, आण्णा. मी निघायच्या आदी ऑईल बघितलं हुतं." एवढेच. रागाने नाही. त्याचेच मला जास्त लागले.

आषाढात बेंदराला तो आला. गोठ्यात आता बैल नाहीत, म्हणून मातीचे बैल पुजले. नैवेद्य झाल्यावर तो आपण होऊन गोठ्याकडे गेला. चावी मी त्याच्या हातात दिली. त्याने आधी ऑईलच्या टाकीचे झाकण उघडले, आत पाहिले, मला हाताने जवळ बोलावले आणि म्हणाला, "तूबी बघ."

मी पाहिले. मग त्याने किक मारली. चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. निळा धूर सगळ्या अंगणात पसरला. तो पंचायतीपर्यंत सावकाश जाऊन आला. नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर पिळायचे नसते, हे त्याला सांगावे लागले नाही.

सभासदांना दोन शब्द

आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात, परड्यात एखादी जुनी गाडी, डिझेल इंजिन पडलेले असेल. ते भंगारात घालण्याआधी या गोष्टी कराव्यात. जाम यंत्राला जोर लावू नये. आधी तेल, मग धीर. इंजिन व चेसिस नंबर आर.सी. बुकाशी जुळवून पाहावेत. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी आर.टी.ओ.कडे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी घरच्या घरी वेल्डिंगला लावू नये. आत राहिलेल्या वाफेने स्फोट होतो. खोलताना प्रत्येक भाग कोणत्या बाजूचा, ते लिहून ठेवावे. डावे-उजवे मिसळले असते, तर आमच्या गाडीचा खरा दोष आम्हाला कधीच कळला नसता.

आणि यंत्र बिघडले, की कोणाला बोलण्याआधी ते उघडून पाहावे. मला त्या दिवशी एका झाकणापुरते काम होते. ते करायला मी चौतीस वर्षे लावली. तुम्ही लावू नका.