थेट भाजीविक्रीच्या पिकअपवर घडीचे छत कसे बसवावे?

पहाटे काढलेली मेथी किंवा कोथिंबीर सकाळी सात वाजता टवटवीत असते. अकराच्या उन्हात तीच जुडी मान टाकते आणि निम्म्या भावात द्यावी लागते. काढणीनंतरही भाजीचे श्वसन चालू असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. पाणी उडून वजन घटते ते वेगळेच. त्यामुळे विक्रीच्या जागी सावली करणे हा भाव टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

राज्यात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाल्यानंतर अनेक शेतकरी व गट स्वतःच्या पिकअपमधून थेट विक्री करतात. बांबू आणि ताडपत्री बांधण्यात रोज वेळ जातो. त्याऐवजी कॅरियरला कायमचे अडकवलेले, गुंडाळून पिशवीत बंद होणारे छत सोयीचे पडते. बाजारात ते ‘ऑनिंग’ या नावाने मिळते. ते नीट बसवले नाही तर मात्र वळवाच्या वाऱ्यात उडून ग्राहकाला इजा करू शकते.

छत निवडताना

- अंदाजे २.५ मीटर लांब आणि २ मीटर बाहेर येणारे छत एका पिकअपला पुरते. त्याखाली ५ चौरस मीटर सावली मिळते.
- कापड जाड, पाणी न झिरपणारे आणि वरून चंदेरी किंवा फिकट रंगाचे असावे. लाल, पिवळ्या कापडातून येणाऱ्या प्रकाशात मालाचा खरा रंग दिसत नाही आणि ग्राहक शंका घेतो.
- पाय आणि आडव्या दांड्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. सांधे प्लॅस्टिकऐवजी धातूचे असतील तर जास्त टिकतात.

कोणत्या बाजूला बसवावे?

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते. म्हणून छत क्लीनर साइडलाच उघडले पाहिजे. ड्रायव्हर साइडला बसवले तर ग्राहक वाहत्या रस्त्यावर उभा राहील.

बसवण्याची पद्धत

१. आधी कॅरियर तपासावे. वेल्डिंगला तडा गेला असेल किंवा पाइप गंजला असेल तर पहिल्यांदा दुरुस्ती करावी. हलणाऱ्या कॅरियरला छत बसवू नये.

२. केबिनच्या टपाच्या पत्र्याला भोके पाडून छत कधीही बसवू नये. पत्रा पातळ असतो, तो भार धरत नाही आणि भोकातून पाणी झिरपून गंज चढतो. छताचा भार कॅरियरच्या किंवा हौद्यावरील सांगाड्याच्या आडव्या पाइपांवरच द्यावा.

३. ‘एल’ आकाराचे तीन मजबूत अँगल यू-बोल्टने पाइपांना जोडावेत. दोन अँगल छताच्या दोन्ही टोकांपासून २५ ते ३० सेंटीमीटर आत आणि तिसरा मधोमध घ्यावा. पाइप आणि अँगल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा रबर घालावा.

४. छताच्या मागच्या पट्टीत लांब खाच असते. बोल्टची डोकी त्या खाचेत सरकवून अँगलच्या अंतरावर आणावीत. नंतर दोघांनी छत उचलून बोल्ट अँगलच्या भोकांत बसवावेत. एकट्याने उचलू नये.

५. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर गंज लवकर लागतो. दोन्हींच्या मध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर घालावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट वापरावेत.

६. नट अर्धवट आवळून केबिनचे दार आणि हौद्याचे फाळके पूर्ण उघडून पाहावेत. कशालाही अडथळा नसेल तरच नट पक्के करावेत. ढिले न होणारे, आत नायलॉन असलेले नट घ्यावेत.

७. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. पुढे दर आठवड्याला तपासावेत, कारण खडबडीत रस्त्यावर ते हमखास सैल होतात.

उघडल्यावर काळजी

- पुढची कड मागच्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर खाली ठेवावी. छतावर सरासरी १ सेंटीमीटर पाणी साचले तरी ५ चौरस मीटरवर ५० किलो वजन होते आणि दांड्या वाकतात.
- ताशी ४० किलोमीटरचा वारा या छताला सुमारे ३५ ते ४० किलोच्या जोराने उचलू शकतो. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. मातीत लोखंडी खुंट्या तिरप्या ठोकून दोऱ्या ताणाव्यात. डांबरावर खुंटी ठोकता येत नाही, तिथे प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन बांधावा.
- धूळ उडू लागली किंवा आभाळ दाटून आले की छत लगेच गुंडाळावे. हे काम दोघांचे आहे. गाडीवर एकटेच असाल तर शेजारच्या विक्रेत्याशी आधीच बोलून ठेवावे.
- दुपारनंतर ऊन तिरपे खालून आत येते. शक्य असल्यास गाडीची डावी बाजू पूर्वेकडे येईल अशी उभी करावी, म्हणजे गाडीचीही सावली मिळते. अन्यथा पश्चिमेकडून शेडनेट सोडावे.
- वर विजेच्या तारा असतील तिथे छत उघडू नये.
- ओले छत गुंडाळून ठेवल्यास बुरशी येते. घरी आल्यावर उघडून वाळवावे.

नियम लक्षात ठेवा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. म्हणून वेल्डिंग न करता नटबोल्टने काढता येईल अशीच जोडणी करावी आणि काम करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. बंद छत हौद्याच्या रुंदीबाहेर येऊ नये. त्याने इंडिकेटर, आरसा किंवा नंबर प्लेट झाकली जाऊ नये. निघण्यापूर्वी पिशवीची चेन आणि पट्टे लावल्याची खात्री करावी.

छत ऊन अडवते, पण भाजी थंड करत नाही. त्यामुळे माल पहाटेच काढावा, पालेभाजीवर ओले गोणपाट टाकावे आणि लागेल तेवढाच माल पुढे मांडावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गटातील एका गाडीवर छत बसवून सर्वांना प्रत्यक्ष दाखवावे. छत उघडण्याइतकाच ते झटपट बंद करण्याचाही सराव करून घ्यावा.