दमेकरी मुलाच्या घरी कुत्रा

जयपूर शहरात मे महिना लागला की पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, धुळीची वादळे सुटतात आणि ज्या घरी दम्याचे मूल आहे तेथे दारेखिडक्या लावून घेतल्या जातात. अशा घरातील मूल कुत्र्यासाठी हट्ट धरून बसले, म्हणजे आईबापांपुढे पेच उभा राहतो. नकार द्यावा तर मूल हिरमुसते. होकार दिला आणि चार महिन्यांनी लळा लागलेला कुत्रा दुसऱ्यास देऊन टाकावा लागला, तर ते दुःख कितीतरी मोठे. त्या मुक्या प्राण्याचे हाल होतात ते वेगळेच.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम योजला. मराठीत तिला अधिहर्षता म्हणतात. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थास शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तो पदार्थ पुन्हा श्वासावाटे आत गेला की श्वासनलिकांची अस्तरे सुजतात, सभोवतालचे स्नायू आवळतात आणि छातीत सूं-सूं आवाज होऊ लागतो.

कुत्र्याच्या बाबतीत हा पदार्थ म्हणजे त्याचे केस, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती प्रथिने असून ती लाळेत, मूत्रात व त्वचेच्या कोंड्यात असतात. केस हे त्यांचे केवळ वाहन होय. त्यांचे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगतात आणि कपड्यांना चिकटून शाळेतही जाऊन पोचतात. पूडल, लॅब्रडूडल इत्यादी जाती ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणून भारी किमतीस विकल्या जातात. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील पाहणीत अशा जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ हे प्रमुख प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा अधिकच आढळले. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही पुष्कळ तफावत असते. तेव्हा या कारणासाठी जातीचे पैसे मोजणे व्यर्थ आहे. शिवाय दाट केसांच्या कुत्र्यास जयपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर बंद खोलीतच ठेवावे लागते, म्हणजे कणही तेथेच साचतात.

नर-मादी हा भेद मात्र खरोखरच महत्त्वाचा आहे. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. काही मुलांना केवळ त्याचाच त्रास होतो. अशांना मादी सोसू शकते. रक्ताच्या विशेष तपासणीने हे कळते.

मुलाचा दमा मुळात कुत्र्याच्या संसर्गाने बळावणारा आहे काय, हेही आधी पाहावे. डॉ. कासलीवाल व त्यांचे सहकारी यांनी १९५७-५८ मध्ये जयपूरच्या हवेतील परागकणांची रोजच्या रोज गणना केली होती. वसंतात वावळ्याचे पराग उत्तर भारतात अनेकांस बाधतात. कूलरच्या ओलसर जाळीत बुरशी धरते, आणि त्याच्या दमट हवेत एरवी या कोरड्या प्रदेशात न फोफावणारे धुळीतील माइट वाढू शकतात. या सर्वांची त्वचा-चाचणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. चाचणीत कुत्र्याविषयी अधिहर्षता आढळली आणि दमा वारंवार उसळत असेल, तर कुत्रा आणू नये, हेच बरे.

चाचणीत काही न आढळल्यास, जो कुत्रा आणावयाचा त्याच कुत्र्याच्या सहवासात मुलास अनेक वेळा, बराच वेळ राहू द्यावे. दुकानातील पाच मिनिटांच्या भेटीवरून काहीच ठरत नाही. देशी पिल्लू घेण्यास काही हरकत नाही. त्यास रेबीजची लस मात्र अवश्य टोचून घ्यावी. मुलाच्या निजण्याच्या खोलीत कुत्र्यास मज्जाव असावा. स्नानाने कण घटतात, पण काही दिवसांतच पूर्ववत होतात. म्हणून आठवड्यातून दोनदा ते घालावे लागते. स्वीडनमधील लक्षावधी मुलांच्या नोंदींवरून २०१५ साली असे दिसले की, जन्मापासूनच्या पहिल्या वर्षी घरी कुत्रा असलेल्या मुलांत पुढे दम्याचे प्रमाण किंचित कमी होते. परंतु दमा जडलेल्या मुलास कुत्रा हे औषध नव्हे. इनहेलर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.

कुत्रा दुसरीकडे द्यावाच लागला, तर सतरंज्या, गाद्या व पडदे धुऊन काढावेत. कारण त्याचे कण घरात पुढे कित्येक महिने राहतात, आणि आठ दिवसांत मुलाचा खोकला थांबला नाही, तरी तेवढ्यावरून कुत्रा निर्दोष होता असे ठरत नाही.