सतरा चालींची शाळा

करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी आमची गावं. केळी आणि ऊस सोडले तर इथं बोलायचा विषय एकच, लाईट कधी येणार. रात्रपाळीची लाईट असली की मोटारीपाशी बसून राहावं लागतं. पूर्वी अशा वेळी पत्ते निघायचे, आता मोबाईल निघतात आणि त्यावर बुद्धिबळ दिसतं. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून तर पोरांना जास्तच नाद लागलाय. शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला याचा आनंदच आहे. पण तीन-तीन मिनिटांचे डाव रात्रभर खेळून बोटं चपळ होतात, खेळ आहे तिथंच राहतो. "गुरुजी, मग काय करू?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : जुना एक डाव घे आणि पट मांडून खेळून बघ.

पहिला डाव मी देतो तो पॉल मॉर्फीचा. साल १८५८, जागा पॅरिसचं ऑपेरागृह. एकवीस वर्षांचा हा अमेरिकी तरुण पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसला. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून काळ्याकडून. डाव सतराव्या चालीला संपला.

नववी चाल झाली की पोरांना थांबवायचं आणि पट नीट बघायला लावायचा. मॉर्फीचा वजीर, दोन्ही उंट आणि घोडा कामाला लागलेत. काळ्यानं वजीर स्वतःच्याच उंटापुढं आणून ठेवलाय, त्यामुळं तो उंट अडकला आणि त्याच्यामागं कोपऱ्यातला हत्तीही. राजा अजून मधोमध उभा. दहाव्या चालीला मॉर्फी दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा देतो. बाराव्या चालीला वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो. राजा सुरक्षित झाला आणि त्याच चालीत हत्ती थेट डी पट्टीवर, काळ्याच्या राजासमोर जखडलेल्या घोड्यावर येऊन उभा राहिला. पुढं एक हत्ती देऊन तो लगेच दुसरा हत्ती त्याच पट्टीवर आणतो. सोळाव्या चालीला वजीरच देऊन टाकतो. घोड्यानं तो मारायचाच, दुसरी चालच नाही. सतराव्या चालीला हत्ती डी-८ वर, मात!

माझी नात पहिल्यांदा म्हणाली, "आजोबा, ह्यानं तर सगळंच घालवलं!" मग मी तिला उरलेल्या सोंगट्या मोजायला लावल्या. राजा आणि प्यादी सोडली तर पांढऱ्याकडं एक हत्ती, एक उंट. काळ्याकडं वजीर, हत्ती, उंट, घोडा. पण त्यातला हत्ती आणि उंट डावभर जागचे हललेच नव्हते. नवी मोटार आणून ठेवावी आणि पाइपच जोडू नये, तशी गत. शेवटचा धडाका डोळ्यांत भरतो, पण त्याची तयारी पहिल्या नऊ चालींत झालेली असते. डावपेच आणि धोरण यांचं नातं मला तरी याहून सोपं करून सांगता येत नाही.

आमच्या पारावरची जुनी माणसं देशी पद्धतीनं खेळायची. प्यादं एकेकच घर चालायचं, कॅसलिंग नव्हतं, शह बसलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी उडी मारायचा. प्याद्यानं मात दिली की मान मोठा. आंतरराष्ट्रीय नियमांचा वेग आणि वळणं मी शिकलो ती छापील डावांतूनच. त्या नियमांच्या खेळात मराठी माणूस मागं राहिला नाही. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते आणि १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली.

मॉर्फी पचला की जगज्जेत्या कापाब्लांकाचा १९२४ चा न्यूयॉर्कमधला टार्टाकोवरविरुद्धचा डाव घ्यावा. पटावर दोघांचे हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेलं. कापाब्लांका दोन प्यादी शह खात सोडून देतो आणि राजाला पुढं काढतो. तो राजा एफ-६ वर पोचला की काळ्याचा राजा कोंडला जातो. सुरुवातीला लपवायचा राजा शेवटी लढायला काढायचा असतो, हे नियम म्हणून पाठ केलं तर विसरतं, या डावात पाहिलं की विसरत नाही.

पद्धत साधी आहे. पुढची चाल कागदानं झाका. आपण काय खेळलो असतो ते वहीत लिहा, कारणासकट. मग कागद सरकवा. चाल वेगळी निघाली तर का, ते शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. संगणकाला विचारायचं ते सगळ्यात शेवटी. एका डावाला आठवडा लागला तरी चालेल. पोरांना महागडे क्लास लावण्याआधी पालकांनी एक पट, एक वही आणि हे दोन डाव एवढं घरात आणावं आणि रोज अर्धा तास स्वतः समोर बसावं.