'तानापिहिनिपाजा'तला 'ना' नागपूरचा!

माझी भाची अकरावीत आहे, धरमपेठेत राहते आणि सध्या 'हार्टस्टॉपर' ही सीरिज तिसऱ्यांदा बघतेय. रविवारी एक इअरफोन तिच्या कानात होता, दुसरा माझ्या, आणि मधे तर्रीपोह्यांची प्लेट. पोहे गार झाले, पण आमचं लक्षच नव्हतं! त्यानंतर मी जे शोधत सुटले ते आठ दिवस थांबलेच नाही. त्यातला निवडक, झणझणीत माल तुमच्यासाठी. घ्या चमचा!

आधी गोष्ट, एका दमात. ब्रिटनमधली मुलांची शाळा. चार्ली गे आहे, हे अख्ख्या शाळेला ठाऊक. शेजारी येऊन बसतो रग्बी खेळणारा निक. मग निकच्या पोटात फुलपाखरं! रात्री खोलीत एकटा बसून तो लॅपटॉपवर 'मी गे आहे का?' असली क्विझ सोडवतो आणि रडतो. हा प्रसंग बघताना भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

माहीत आहे का? निक आणि चार्ली आधी साइड कॅरेक्टर होते! ॲलिस ओसमन यांनी वयाच्या सतराव्या वर्षी 'सॉलिटेअर' ही कादंबरी लिहिली. ती २०१४ मध्ये आली. नायिका होती चार्लीची बहीण टोरी. पण लेखणी या दोन पोरांवरच अडकली, २०१६ मध्ये त्यांचं वेबकॉमिक सुरू झालं आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्स सीरिज. बहिणीच्या पुस्तकात भावाने मारली बाजी!

चार्लीच्या रोलसाठी खुल्या ऑडिशनला किती जण आले असतील? सुमारे १० हजार! निवडला गेला जो लॉक, आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावरचा मुलगा.

आणि पडद्यावर हात हाताजवळ आला की भुरभुरणारी ती छोटी पानं बघितलीत? ती थेट कॉमिकमधून उडत आलीत.

आता जरा थांबा. निकचं काम करणारा किट कॉनर खऱ्या आयुष्यात कोण, यावरून सोशल मीडियावर लोकांनी त्याला इतकं छळलं, की ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने वैतागून जाहीर केलं, 'मी बायसेक्शुअल आहे'. वय वर्षं १८. ज्या सीरिजचा जीवच 'ज्याने त्याने आपापल्या वेळेने सांगावं' या गोष्टीत आहे, तिच्याच हिरोवर ही वेळ आली. मला हे वाचून फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

बरं, या सगळ्या टीन सीरिजचा 'थोरला भाऊ' कोण, माहीत आहे का? १९९४ ची अमेरिकन मालिका 'माय सो-कॉल्ड लाइफ'. एपिसोड फक्त १९! त्यात रिकी नावाचा गे विद्यार्थी होता आणि तो रोल करणारा विल्सन क्रूझ स्वतः उघडपणे गे. त्याचा खरा किस्सा ऐका. घरी सांगितलं, तर वडिलांनी ऐन ख्रिसमसच्या आदल्या रात्री बाहेर काढलं. पोराने गाडीत झोपून दिवस काढले. मालिकेतही रिकी घराबाहेर पडतो, आणि तोही ख्रिसमसच्याच एपिसोडमध्ये! क्रूझच्या वडिलांनी तो एपिसोड टीव्हीवर बघितला आणि मुलाला फोन केला. बापलेक पुन्हा बोलू लागले. एक एपिसोड, एक फोन! माझ्या यादीत हा किस्सा एक नंबर.

पुढे २००० साली 'डॉसन्स क्रीक'मध्ये जॅकने एका मुलाला किस केलं. अमेरिकन प्राइम टाइमवर दोन पुरुषांचा असा रोमँटिक किस तोवर झालाच नव्हता.

नॉर्वेचं 'स्काम' तर भन्नाट! शुक्रवारी रात्री पार्टी असेल, तर ती क्लिप वेबसाइटवर शुक्रवारी रात्रीच पडणार. म्हणजे २०१६ च्या तिसऱ्या सीझनमध्ये इसाक प्रेमात पडत होता, तेव्हा बघणारी पोरंही त्याच्याबरोबर त्याच वेळी जागी!

आपल्याकडे? स्पॅनिश 'एलीट'वरून बेतलेली हिंदी 'क्लास' २०२३ मध्ये आली. दिल्लीची पॉश शाळा, त्यात ध्रुव आणि फारूक यांची लव्हस्टोरी.

'मावशी, मराठीत असं काही आहे का गं?' भाचीने विचारलं. अगं, आहे म्हणजे काय! तुझ्या आईच्या जन्माआधीपासून आहे!

१९८१. विजय तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट', दिग्दर्शक विनय आपटे. कॉलेजमधली सुमित्रा, जिला सगळे 'मित्रा' म्हणतात. तिचं मन जडतं नमा नावाच्या मुलीवर, आणि हे सगळं आपल्याला सांगतो मित्रावर जीव टाकणारा बापू. कॉलेज, प्रेमाचा त्रिकोण, स्वतःशी झगडा. सांगा, टीन ड्रामाला आणखी काय लागतं? आणि मित्रा कोण होती, माहीत आहे का? रोहिणी हट्टंगडी! 'गांधी'मधल्या कस्तुरबाही त्याच, आणि दोन्ही भूमिका अगदी लागोपाठच्या. 'बा'साठी त्यांना 'बाफ्टा' मिळालं. पण मला विचाराल तर त्या काळात मित्रा साकारण्याला जास्त छाती लागली असणार.

तेंडुलकरांच्या याच गोष्टीवर रवी जाधव यांनी 'मित्रा' ही ब्लॅक अँड व्हाइट शॉर्टफिल्म केली. वीणा जामकर मुख्य भूमिकेत, आणि थेट राष्ट्रीय पुरस्कार! पुढे २०१५ मध्ये ती 'बायोस्कोप' या सिनेमात आली. तिथे चार गोष्टी, चार दिग्दर्शक, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एक कविता. त्यातल्या 'बैल'चे कवी कोण? आपल्या नागपूरचे लोकनाथ यशवंत! आलं की नाही कनेक्शन?

'पार्टनर' म्हटलं की तुम्हाला वपु आठवतात ना? मराठीत आणखी एक 'पार्टनर' आहे! पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांची कादंबरी, एका गे मुलाच्या मोठं होण्याची. दुकानात मागताना लेखकाचं नाव नीट सांगा. नाहीतर नेलं एक आणि निघालं दुसरं!

'कोबाल्ट ब्लू'चा योगायोग तर ऐकाच. सचिन कुंडलकरांची ही २००६ ची कादंबरी. भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. अर्धं पुस्तक तो सांगतो, अर्धं ती. पुण्यातलं हे घर सिनेमात थेट कोचीला शिफ्ट झालं. नेटफ्लिक्सवर कधी आला? २ एप्रिल २०२२. आणि 'हार्टस्टॉपर'? २२ एप्रिल २०२२. एकच महिना, एकच प्लॅटफॉर्म!

ताजा धमाका: रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या. सनडान्स चित्रपट महोत्सवाला गेलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि २०२५ मध्ये तिथलं ग्रँड ज्युरी प्राइझही घेऊन आला. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं. वरून काटे, आतून लालचुटूक गोड. नावातच अर्धी गोष्ट!

आता नागपूर. इथे आवाज थोडा खाली घेते.

'अलीगढ' सिनेमात मनोज वाजपेयी यांनी साकारलेले प्राध्यापक कुठले, माहीत आहे का? डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. ते गे आहेत म्हणून विद्यापीठाने सिरस यांनाच निलंबित केलं. ते कोर्टात गेले आणि १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. सहा दिवसांचा फरक. आपल्या गावचा कवी होता हो. त्यांची ओळख आपल्याला सिनेमातून व्हावी लागली, ही रुखरुख मला आहे.

पण याच गावात २०१६ मध्ये पहिला प्राइड मार्च निघाला. नाव अर्थातच 'ऑरेंज सिटी'चं! आणि २०२१ च्या डिसेंबरात इथेच दोन डॉक्टर मैत्रिणींनी घरच्यांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. देशभर बातमी झाली. मी तेव्हा ती कॉलनीतल्या तिघींना वाचून दाखवली होती!

शेवटचा नगेट, खास संत्रेवाल्यांसाठी. प्राइडचा झेंडा गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बनवला. पट्टे आठ! मग भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना, तो पट्टा गेला. पुढे फिरोजीही गेला आणि सहा उरले. आपल्या शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'शी जुळवून बघा: पारवा भुर्र उडालाय! पण नारिंगी पहिल्या दिवसापासून जागेवर आहे. बेकर यांनी प्रत्येक रंगाला अर्थ दिला होता. नारिंगीचा अर्थ काय ठेवला, माहीत आहे का?

जखम भरून येणं.

भाचीला हे सांगितलं तर तिने लगेच वहीच्या कव्हरवर संत्रं काढलं. शनिवारी आम्ही दोघी बर्डीवर 'मित्राची गोष्ट' शोधायला जाणार आहोत. पोहे तिच्याकडून!