पत्र्याची गोल कॉलर : काठ का फाटतो आणि चुण्या का पडतात?

बुलढाणा जिल्ह्याचा उन्हाळा कसा असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. गुढीपाडवा उलटला की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत कुलरची आठवण होते, माळ्यावरचा जुना कुलर खाली उतरतो आणि पत्र्याच्या दुकानांत हातोड्यांचा आवाज वाढतो. प्लॅस्टिकच्या तयार कुलरनी हा धंदा बराच ओढून नेला हे खरे. तरी पत्र्याच्या कुलरची टाकी, तोंडाचा पत्रा, धान्याच्या कोठीचे झाकण, पेटीचा कोपरा ही कामे अद्याप हातानेच होतात. आपल्या समाजातील अनेक मुले आयटीआयला जातात. तेथे ‘पत्रे कारागीर’ हा व्यवसायही शिकविला जातो. केंद्र सरकारने १९५० साली सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था उभ्या राहिल्या. त्या मुलांसाठी आणि घरच्या घरी दोन पैसे मिळवू पाहणाऱ्यांसाठी या कामातील एक अडचणीची जागा आम्ही येथे समजावून सांगणार आहोत.

कुलरच्या पुढील पत्र्याला पंख्यासाठी गोल भोक असते. त्याचा काठ नुसता कापून सोडलेला नसतो, तो सुमारे एक सेंटीमीटर आत वळवलेला असतो. या वळवलेल्या काठाला दुकानात कॉलर म्हणतात, पुस्तकात फ्लँज. सरळ काठ वळविणे कोणालाही जमते. दोन लोखंडी पट्ट्यांत पत्रा धरावा आणि ठोकावा. गोल काठ मात्र तसा वळत नाही. तो फाटतो, नाही तर त्याला चुण्या पडतात.

आधी कॉलर हवीच कशाला, ते पाहू. कंपासपेटीतील पातळ पट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभी धरून वाकवून पाहा. कुलरला पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा २४ गेजचा पत्रा सुमारे ०.५६ मिलिमीटर जाड असतो. त्याची १० मिलिमीटर रुंदीची पट्टी आडवी असताना वाकण्याला जितका विरोध करते, त्याच्या सुमारे ३०० पट विरोध ती उभी असताना करते. म्हणजे जास्तीचा पत्रा फारसा न घालता, केवळ काठ वळवून हा ताठपणा मिळतो. शिवाय बोट कापत नाही आणि वळवलेल्या काठावरून हवा सुरळीत ओढली जाऊन पंख्याचा आवाजही थोडा कमी होतो.

हे आम्हाला कळत नव्हते तेव्हाची गोष्ट. पहिल्या हंगामात आम्ही भोकाच्या काठाला व्ही आकाराच्या बारा खाचा मारल्या आणि मधले तुकडे एकेक करून वळवले. काम झटपट झाले, दिसायलाही बरे. ज्येष्ठ महिन्यात गिऱ्हाईक कुलर हातगाडीवर घालून परत आले. पंखा लावला की पत्रा करकरत होता आणि दोन खाचांच्या टोकांपासून बोटभर चिरा पुढे गेल्या होत्या. नवा पत्रा आमच्या खिशातून गेला, दोन दिवसांची मजुरी वेगळी. खाचेचे टोक टोकदार असते. पंख्याच्या थरथरीचा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि तेथून पत्रा उकलू लागतो. वर काठाचे कडे बारा ठिकाणी तुटलेले, म्हणजे ताठपणाही गेला. ज्या कोपऱ्याला पाणी नाही, थरथर नाही आणि वरून रिव्हेट बसणार आहेत तेथे खाचा चालतात, पण प्रत्येक खाचेच्या टोकाशी आधी तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडावे, म्हणजे टोकदार कोपरा राहत नाही. टाकीला खाचा कधीही मारू नयेत.

आता मूळ मुद्दा. समजा, आपल्याला ४०० मिलिमीटर व्यासाचे तोंड हवे आणि कॉलर १० मिलिमीटरची. मग भोक ३८० मिलिमीटरचे कापावे लागते. त्या कापलेल्या काठाचा परीघ ११९४ मिलिमीटर. काठ वळून उभा राहिला की तोच काठ ४०० मिलिमीटरच्या वर्तुळावर येतो, त्याचा परीघ १२५७. म्हणजे काठाला ६३ मिलिमीटर वाढावे लागते. बाहेरून कोणी पत्रा आणून देत नाही, तो ताणूनच वाढणार. न ताणला तर फाटणार.

कोठीच्या झाकणाचे उलट आहे. ४०० मिलिमीटरचे झाकण, कॉलर तीच १० मिलिमीटर. मोडाच्या जागी लागणारा थोडा फरक सोडून दिला, तर चकती ४२० मिलिमीटरची कापावी लागते. तिचा परीघ १३२० मिलिमीटर. वळल्यावर तो १२५७ मध्ये मावला पाहिजे. पुन्हा ६३ मिलिमीटर, पण या वेळी जास्तीचे. ते जास्तीचे धातूत जिरले नाही तर चुण्या होऊन वर येते. लुगडे नेसताना कमरेशी उरलेला घेर निऱ्यांत जातो, तसेच हे.

दोन्हीकडे ६३ आला हा योगायोग नाही. कॉलरच्या रुंदीला ६.२८ ने गुणले की हा आकडा येतो, व्यास कितीही असो. हे ध्यानात आले तेव्हा आमचे पुष्कळ कोडे सुटले. लहान भोकाला कॉलर का फाटते? ६० मिलिमीटरच्या तोंडाला १० मिलिमीटरची कॉलर काढायची तर भोक ४० चे. वाढ तीच ६३ मिलिमीटर, पण मूळ काठ अवघा १२६ मिलिमीटरचा. म्हणजे पन्नास टक्के ताण! साधा पत्रा हातोडीखाली इतका ताणत नाही. मोठ्या तोंडावर तोच ताण केवळ पाच टक्के होता. अशा वेळी कॉलर लहान करावी. ४ मिलिमीटरची ठेवली तर ताण पंधरा टक्क्यांवर येतो, तोही सांभाळूनच. आम्ही शक्यतो दहाच्या आत राहतो. पत्रा कापण्यापूर्वी हा हिशेब पाटीवर मांडावा. बिघडलेला पत्रा परत जोडता येत नाही.

हत्यारे थोडीच लागतात : कंपास, कातर, कानस, बाभळीची किंवा चिंचेची मोगरी, गोलसर तोंडाची लोखंडी हातोडी, गोल तोंडाची पक्कड, दोन-तीन क्लॅम्प आणि जाड प्लायवुडचा फर्मा. मोगरी आणि हातोडी यांतला फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. लोखंडी ऐरणीवर लोखंडी हातोडी मारली की मधला पत्रा चेपून पातळ होतो, पातळ झाला म्हणजे पसरतो. ताणायचे असेल तेव्हा हे उपयोगी. लाकडी मोगरी पत्रा फारसा पातळ न करता नुसता सरकवते. जेथे धातू जिरवायचा तेथे मोगरीच हवी. झाकणाची कॉलर लोखंडी हातोडीने ठोकणारा जितका जोर लावील तितक्या चुण्या वाढतील, कारण तो आधीच जास्त असलेला काठ आणखी वाढवीत असतो.

भोकाची कॉलर काढताना फळीला ४०० मिलिमीटरचे भोक पाडून त्याची धार कानशीने गोलसर करावी. पत्र्यावर दोन्ही वर्तुळे आखून आतले कापावे. यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वांत महत्त्वाचेही तेच. कापलेल्या काठावर कातरीचे दाते आणि बारीक खरचटे राहतात, ते कानशीने आणि मग पॉलिश पेपरने काठाच्या दिशेने घासून पूर्ण काढावेत. चीर नेहमी अशाच खरचट्यापासून सुरू होते. नखाला काही लागता कामा नये. मग पत्रा फळीवर ठेवून वरून दुसरी तशीच फळी घट्ट आवळावी आणि आत डोकावणारा काठ मोगरीने खाली ढकलावा. पहिल्या फेरीत पंधरा अंशांपेक्षा अधिक नाही. पूर्ण गोल फिरून यावे, मग दुसरी फेरी. सहा फेऱ्यांत काटकोन होतो. एकाच जागी काटकोन करून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण तेवढा भाग झाल्यासारखा वाटतो. पण ताण मग त्या जागेच्या शेजारी साचतो आणि तेथेच फाटते.

झाकणाला फर्मा म्हणजे दोन गोल फळ्या. त्यांचा व्यास तयार झाकणापेक्षा पत्र्याच्या दोन जाडींइतका कमी ठेवावा. चकती त्यांच्यामध्ये धरून बाहेर राहिलेला काठ फेरीफेरीने खाली वळवावा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला काठ लाटांसारखा होतो. घाबरू नये. लाटा लहान आणि सारख्या अंतरावर असतील तर त्या जिरतात, एकच मोठी लाट जिरत नाही. म्हणून गोल तोंडाच्या पकडीने आपणच सारख्या अंतरावर बारीक चुण्या घालाव्यात आणि प्रत्येक चुणी फर्म्यावर मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी दाबावी. चुणी स्वतःवर दुमडली गेली तर मात्र काम गेले. ती घडी नंतर सरळ होत नाही, तेथे तडा जातो. दुमडेलसे वाटताच थांबून ती पकडीने उघडावी.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. हाताला आणि कानालाही ते कळते, ठोक्याचा आवाज चढा होतो. खामगावची चांदीबद्दल ख्याती आहे. चांदीचे भांडे घडवणारे असोत की पुण्याच्या तांबट आळीतील तांब्याचे कारागीर, दोघेही मध्येच भांडे तापवून मऊ करून घेतात. तांबे तापवून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. साधे काळे लोखंडी पत्रे लाल करून हवेत सावकाश निवू द्यावे. ॲल्युमिनियम लाल होत नाही, वितळून जाते, म्हणून त्यावर साबणाची रेघ ओढून ती काळी पडेपर्यंतच तापवतात. जस्त चढवलेला पांढरा पत्रा मात्र कधीही तापवू नये. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते, त्याहून जास्त तापले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. मजुरी बुडते ती वेगळीच. पांढऱ्या पत्र्याला ताण कमी राहील असा हिशेब आधीच करावा हाच उपाय. काम झाल्यावर कापलेल्या काठावर जस्त उरत नाही, म्हणून तेथे रंगाचा हात द्यावा.

हाच हिशेब अर्ध्या गोलालाही लागू पडतो. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसचे सांगाडे बांधले गेले, त्यांवर अनेक वर्षे ॲल्युमिनियमचा पत्रा असे. कोणत्याही बसच्या चाकावरची कमान पाहा. ती सुमारे अर्धे वर्तुळ. काठ १५ मिलिमीटर वळवायचा तर वाढ ६.२८ ऐवजी ३.१४ ने गुणून, म्हणजे ४७ मिलिमीटर. अपघातात चेपलेली कमान गॅरेजवाला हातानेच वळवून देतो. त्याला गुणाकार येत नसेल, पण हाताला तो आकडा ठाऊक असतो. आपल्या विद्यार्थ्यांना दोन्ही यावे.

विद्यार्थी मित्रहो, सुरुवात भंगारातील पत्र्यावर करा. १५० मिलिमीटरचे तोंड, ६ मिलिमीटरची कॉलर, म्हणजे भोक १३८ चे. ताण नऊ टक्क्यांच्या आत राहील. काम सुरू करण्यापूर्वी काठावरून दोरा फिरवून गाठ मारून ठेवा. कॉलर उभी राहिली की तोच दोरा काठाला लावून पाहा, दोन टोकांत सुमारे ३८ मिलिमीटरची फट दिसेल. तेवढा पत्रा तुमच्या हाताने वाढवला.