एचआयव्हीच्या गोळ्या सिस्टर सुरू करतात तेव्हा

एचआयव्हीचे उपचार म्हणजे मोठं रुग्णालय आणि तज्ज्ञ डॉक्टर, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत हे उपचार बहुतेक ठिकाणी गावातल्या दवाखान्यातली सिस्टर सुरू करते, असं सांगितलं की लगेच शंका निघते.

‘डॉक्टर मिळत नाहीत म्हणून गरिबांच्या माथी मारलेले हे दुय्यम उपचार!’

डॉक्टर कमी होते, हे खरं. दुय्यम मात्र नाही, कारण हे तपासून पाहिलेलं आहे. जोहान्सबर्ग आणि केप टाउनमध्ये ८१२ रुग्णांपैकी निम्म्यांची देखभाल डॉक्टरांकडे, निम्म्यांची नर्सकडे दिली गेली. नर्सकडचे रुग्ण मागे पडले नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली हे निष्कर्ष आले. त्यानंतर फ्री स्टेट प्रांतातल्या ३१ दवाखान्यांत १५ हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. रक्तातला विषाणू आटोक्यात राहण्याचं प्रमाण नर्सकडे आणि डॉक्टरांकडे जवळपास सारखंच, ७० टक्क्यांच्या आसपास निघालं. मृत्यू वाढले नाहीत. एकूण मृत्यू लक्षणीय कमी होतील ही आशाही पूर्ण झाली नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पण सुरक्षिततेचा प्रश्न निकाली निघाला आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच प्रशिक्षित नर्स उपचार सुरू करू शकतात अशी शिफारस केली.

‘औषध स्वस्त झालं की काम झालं.’

औषध स्वस्त होण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाणारे उपचार २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने ३५० डॉलरना देऊ केले. दक्षिण आफ्रिकेत सरकारी उपचार २००४ मध्ये सुरू झाले, तरी रांगा हटेनात. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयात, आणि आजारी माणूस कित्येक मैल लांब. त्या प्रतीक्षेत माणसं दगावली. २०१० मध्ये धोरण बदलून सिस्टरांना उपचार सुरू करण्याची मुभा मिळाली, तेव्हा उपचार देणारी केंद्रं पाचशेच्या आत होती. पुढच्या तीन-चार वर्षांत ती साडेतीन हजारांवर गेली. डॉक्टर काही एवढ्यात सातपट झाले नव्हते. फरक केला तो प्रशिक्षित सिस्टरांनी.

‘सिस्टर अंदाजाने गोळ्या देतात.’

अजिबात नाही. समोर रुग्ण बसला की ती आधी चार गोष्टी विचारते: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम फुटतो का, वजन उतरलंय का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी टीबीची तपासणी. टेनोफोव्हिर हे औषध द्यायचं असेल तर मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. डोकं सतत दुखतंय आणि मान आखडली आहे, तर गोळ्या थांबवून रुग्णाला थेट रुग्णालयात पाठवायचं, कारण तो मेंदूज्वर असू शकतो. या पायऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेल्या असतात. वर्गातलं शिक्षण झाल्यावर तिला अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण तपासावे लागतात. औषध लिहून देण्याचा अधिकारही हवेतला नाही. तिथल्या २००५ च्या परिचर्या कायद्यात तशी तरतूद आहे. गुंतागुंत झाली की डॉक्टर आहेतच. उलट साध्या रुग्णांची गर्दी ओसरल्यामुळे अवघड रुग्णांकडे बघायला त्यांना सवड मिळते.

‘सिस्टरवर सोपवलं की झालं!’

हा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो व्यवस्था चालवणाऱ्यांचाच असतो. त्याच सिस्टरकडे बाळंतपणं, लसीकरण, मधुमेह, रक्तदाब सगळं असतं. २०१६ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला, रक्तातल्या सीडी४ पेशी कितीही असोत, उपचार द्यायचे ठरल्यावर रुग्ण आणखी वाढले. हा भार हलका व्हावा म्हणून प्रकृती स्थिर असलेल्या माणसाने दर वेळी दवाखान्यात यायलाच हवं हा नियम सैल केला गेला. बांधून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट तो घराजवळच्या औषध दुकानातून किंवा ठरलेल्या केंद्रातून घेऊन जातो. तो वाचलेला वेळ सिस्टर नव्याने आलेल्या, घाबरलेल्या किंवा मध्येच गोळ्या सोडलेल्या रुग्णाला देऊ शकते.